राजीनामा द्यायचा, पण कसा?



राजीनामा हा शब्द आपल्या वस्त्यांमधून फारसा ऐकू येत नाही. आपल्याकडे माणसाला कामावरून काढतात, कंपनी बंद पडते, ठेकेदार बदलतो, गिरणीला टाळे लागते. पण एखादा कष्टकरी माणूस शांत डोक्याने बसला, त्याने घरखर्चाचा हिशेब मांडला आणि स्वतःच्या अक्षरात कागद लिहून नोकरी सोडली, असे उदाहरण शोधावेच लागते. राजीनामा मंत्र्यांनी द्यावा, मोठ्या साहेबांनी द्यावा, आपण मात्र नोकरी टिकवावी, अशीच आपली शिकवण. आणि ती चुकीची आहे असेही मी म्हणणार नाही. ज्यांच्या आजोबांना गावकीच्या कामापलीकडे काम नव्हते, त्यांच्या नातवाला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो याचे मोल आपल्याला ठाऊक आहे.

परंतु नोकरी असह्य होते तेव्हा काय करायचे, हा प्रश्न उरतोच. आमच्या विहाराच्या ओट्यावर रविवारी वंदनेनंतर मी एक टेबल टाकून बसतो. जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, रेशनकार्ड, पीएफ, असे अर्ज लोकांना भरून देतो. बारा-तेरा वर्षांत नोकरी सोडून आलेली कितीतरी माणसे या टेबलाशी बसली. त्यातली बहुतेक एकच वाक्य बोलतात, "भाऊ, मी जायचंच बंद केलं." सकाळी डबा घेऊन निघायचे ते निघाले नाहीत, एवढाच त्यांचा राजीनामा. पुढे सहा महिन्यांनी पीएफ काढायला जावे, तर कंपनीने नोकरी सोडल्याची तारीखच घातलेली नसते. अनुभवाचा दाखला नाही, शेवटच्या अठरा दिवसांचा पगार नाही, बोनस नाही. मागायला जायचे तर दारावरचा वॉचमन आत सोडत नाही.

दुसरा प्रकार तरुणांचा. आमच्याच गल्लीतला एक मुलगा औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होता. अकरा वर्षे काम चोख. सुपरवायझर रोज त्याच्या आईवरून बोलायचा. एक दिवस मुलाने त्याच्या कानाखाली वाजवली आणि गेटपास त्याच्या तोंडावर फेकून आला. त्या संध्याकाळी वस्तीत त्याचे कौतुक झाले, खोटे कशाला बोला, मलाही बरे वाटले. पण कंपनीने मागाहून चौकशी बसवली आणि मारहाणीबद्दल त्याला बडतर्फ केले. मारामारी, दंगा यासाठी माणूस बडतर्फ झाला तर त्याची ग्रॅच्युइटी अंशतः किंवा सगळी जप्त करण्याची मुभा कायद्यात आहे. अकरा वर्षांची ग्रॅच्युइटी एका थपडेत गेली. थप्पड सुपरवायझरला बसली की त्या मुलाला, याचा विचार मी आजही करतो.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. एका ताईंना, त्या एका दवाखान्यात सफाईला होत्या, ऑफिसात बोलावून कोऱ्या कागदावर सही घेतली. "पगारवाढीसाठी लागते" असे सांगितले. आठवड्याने त्याच कागदावर त्यांचा राजीनामा टाइप होऊन आला. तेव्हापासून माझ्या टेबलावर कुणी कसलाही अर्ज घेऊन आले, तरी उठताना मी त्याला एवढे सांगतोच, कोऱ्या कागदावर सही करू नका, मग समोर कुणीही असो.

हे सगळे लोकांचे झाले. माझ्यावर हीच वेळ आली तेव्हा लक्षात आले की टेबलाच्या अलीकडे बसणे सोपे असते.

भिवंडीच्या बाजूला गोदामांची मोठी वस्ती आहे. तिथल्या एका ट्रान्सपोर्ट आणि गोदामाच्या पेढीवर मी ९ जून २००८ रोजी लिपिक म्हणून लागलो. बी.कॉम. होऊन नऊ वर्षे झाली होती, इकडेतिकडे हंगामी कामे केली होती, त्यामुळे ही नोकरी मिळाली तेव्हा आईने पेढे वाटले. बिले, पावत्या, हमालीची व्हाउचरे, पीएफचे चलन, सगळे माझ्याकडे. जुने शेठ तापट होते, पण हिशेबाला सरळ होते. त्यांच्यानंतर पुतण्या गादीवर आला आणि हवा बदलली. मी सेहेचाळीस वर्षांचा आणि तो अठ्ठावीसचा. पहिल्याच दिवशी "ए, तू इकडे ये" अशी सुरुवात झाली. बाकीच्या तिघा कारकुनांना तो "काका" म्हणे, त्यातला एक तर माझ्याहून धाकटा होता. चौदा एप्रिलची रजा मागितली की "तुमचा सण आला वाटतं" असे सगळ्यांसमोर म्हणायचे आणि हसायचे. कोट्यातून आलास का, हाही एक आवडता विनोद होता. खासगी गोदामात कोटा कुठून येणार? तिथे मी नऊ उमेदवारांत बेरजेची परीक्षा देऊन लागलो होतो.

टोमणे मी सोसले असते. आपल्यापैकी कोण सोसत नाही? पण पुढे व्हाउचरांचा विषय आला. गोदामात वीस-बावीस हमाल होते, बहुतेक मराठवाड्यातले, काही उत्तर प्रदेशातले. त्यांना दिवसाला मिळायचे एक आणि कागदावर लिहायचे दुसरे, अशी नवी पद्धत सुरू करायची होती. मोठा आकडा मी लिहायचा, हमालाने अंगठा द्यायचा, खाली "रक्कम अदा केली" म्हणून माझी सही. मी नाही म्हटले. आवाज चढवला नाही, फक्त एवढेच म्हणालो की दिलेली रक्कम लिहीन, न दिलेली लिहिणार नाही.

त्यानंतर मला कुणी काही बोलले नाही. माझे टेबल मात्र आतल्या खोलीतून उचलून वजनकाट्याजवळ, ट्रक मागे घेतात त्या दारापाशी नेऊन ठेवले. डिझेलचा धूर दिवसभर नाकात. व्हाउचरे दुसऱ्याकडे गेली, पीएफचे चलन गेले, शेवटी माझ्याकडे ट्रकचे नंबर वहीत उतरवण्याचे काम राहिले. सोळा वर्षांच्या नोकरीनंतर मी नंबर उतरवत होतो. काम जास्त असल्याचा थकवा रात्रीच्या झोपेने जातो. काम काढून घेतल्याचा थकवा झोपेने जात नाही, हे मला तिथे कळले. रविवारी संध्याकाळी पोटात गोळा यायचा. बारावीला असलेली माझी मुलगी एकदा तिच्या आईला म्हणाली, "पप्पा रविवारी चारनंतर बोलतच नाहीत." ते मी मोरीतून ऐकले.

घरात विषय काढला तो आईजवळ. माझे वडील गिरणीत रिंगखात्यात होते. साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, आपल्या माणसांना पूर्वी घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि तो विटाळेल अशी इतरांची समजूत. ही भिंत पुढे पडली, तरी आमच्या घरातली सगळी माणसे रिंगखात्यातच राहिली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चार वर्षांचा होतो. अडीच लाख कामगारांचा तो संप कुणी मिटवला असे कधी जाहीर झालेच नाही. वडिलांनी राजीनामा दिला नाही आणि गिरणीने त्यांना काढल्याचे पत्रही कधी आले नाही. त्यांचे तिकीट लोखंडी पेटीत तसेच राहिले. नंतर ते भाजीची गाडी लावायचे, पण कुणी विचारले की "गिरणीत आहे" म्हणायचे. त्यांचा हिशेब पुरा झालाच नाही, ना गिरणीकडे, ना त्यांच्या मनात.

आई सगळे ऐकून घेत होती. मला वाटले ती म्हणेल, बाबा रे, लागलेली नोकरी सोडू नकोस. ती म्हणाली, "सोडायची तर सोड. पण सुटल्यासारखी सोडू नको. कागद करून ये. तुझ्या बापाचा कागद राहिला."

आईच्या या बोलण्यानंतर सोडायची की नाही हा प्रश्न उरला नाही. कशी, एवढाच उरला. आणि 'कशी' यात केव्हा, किती पैसे हाताशी ठेवून, कागदात काय लिहून, कुणाला सांगून, हे सगळे येते.

पैशाचा हिशेब पत्नीने मांडला. ती अंगणवाडीत मदतनीस आहे, आणि हिशेबात बी.कॉम. नवऱ्यापेक्षा पक्की. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे तिने सगळे लिहिले. खोलीसाठी पतपेढीचे कर्ज, हप्ता सहा हजार दोनशे. मुलीचा क्लास. आईच्या साखरेच्या गोळ्या. किराणा, वीज, गॅस, माझे भिवंडीला जायचे-यायचे भाडे. विहाराची वर्गणीसुद्धा तिने लिहिली, मी ती खोडायला सांगितली तर म्हणाली, "ही राहू दे, नाहीतर तुम्ही गुपचूप बाहेरून द्याल." बेरीज सव्वीस हजारांच्या घरात गेली. तिचे मानधन वजा केले तरी माझ्या पगाराशिवाय आमचे दोन महिने निघाले असते, तिसरा निघाला नसता. "म्हणजे दुसरे काम हातात आल्याशिवाय कागद द्यायचा नाही," ती म्हणाली. "आणि तोपर्यंत रोज तिथे जायचं. जमेल?"

इथे मला बाबासाहेबांची आठवण होणे साहजिक होते. त्यांच्या नोकऱ्यांचा विचार आपण फार करत नाही. बडोद्याची हकीकत सर्वांना माहीत आहे. १९१७ साली शिक्षणाच्या करारापोटी ते बडोदा संस्थानात नोकरीला गेले, कचेरीत शिपाई लांबून फायली टाकत, पारशी धर्मशाळेतून त्यांना लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हुसकले आणि ते मुंबईला परतले. ती नोकरी त्यांनी सोडली असे म्हणण्यापेक्षा ती त्यांना करू दिली गेली नाही. पण पुढच्या नोकरीविषयी कुणी बोलत नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार साडेचारशे रुपये, त्या काळी मोठी रक्कम. तिथेही प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या माठाला त्यांनी हात लावू नये असे काही सहकाऱ्यांना वाटे. अपमान रोजचा होता. तरी ते दुसऱ्या दिवशी निघून गेले नाहीत. लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायचे होते. परळच्या चाळीत राहून, पैसा पैसा वाचवून, त्यांनी मार्च १९२० मध्ये राजीनामा दिला. शाहू महाराजांची मदत झाली, मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार कर्जाऊ घेतले आणि त्याच वर्षी ते लंडनला गेले. म्हणजे सव्वा वर्ष ते त्या माठाशेजारी राहिले. कशासाठी राहिले हे त्यांना ठाऊक होते, म्हणून राहू शकले असे मला वाटते. मी कुठे आणि ते कुठे, तुलना करत नाही. पण पत्नीने "जमेल?" विचारल्यावर मला तो माठ दिसला एवढे खरे.

सात महिने मी काम शोधले. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी काम शोधणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले त्यांना सांगायला नको. शेवटी कल्याणात एका चार्टर्ड अकाउंटंटच्या ऑफिसात जागा मिळाली. पगार साडेचार हजारांनी कमी, पण पायी जाता येईल असे. पंधरा डिसेंबरनंतर केव्हाही या, म्हणाले.

आता तारीख. इथे मला माझे शिक्षण कामी आले. ग्रॅच्युइटीचा हिशेब असा असतो: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, त्याला सव्वीसने भागायचे, पंधराने गुणायचे, आणि जितकी वर्षे नोकरी तितक्या पटीने घ्यायचे. पाच वर्षे सलग नोकरी झाली असेल तर राजीनामा दिला तरी ती मिळते, हे अजूनही पुष्कळांना माहीत नाही. निवृत्त झाल्यावरच मिळते असे समजतात. त्या वेळी १९७२ चा कायदा लागू होता. नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, परंतु पंधरा दिवसांचा हिशेब आणि कायम कामगाराला पाच वर्षांची अट तीच राहिली आहे. माझा मूळ पगार व भत्ता १८,२००. सव्वीसने भागले की ७००, पंधरा दिवसांचे १०,५००. सोळा वर्षांचे १,६८,०००. पण सहा महिन्यांच्या वर नोकरी झाली की ते पूर्ण वर्ष धरतात. माझी सोळा वर्षे सहा महिने ९ डिसेंबर २०२४ ला भरत होती. म्हणजे शेवटचा दिवस त्याच्या आधी आला तर सोळा वर्षे, नंतर आला तर सतरा. नुसते आठ-दहा दिवस धूर खाण्याचे साडेदहा हजार! नेमणूक पत्रात एक महिन्याच्या सूचनेची अट होती. मी १४ नोव्हेंबरला कागद द्यायचा आणि १४ डिसेंबरला बाहेर पडायचे असे ठरले. पत्नीने कॅलेंडरवर दोन्ही तारखांना वर्तुळ केले. मधल्या सहा डिसेंबरच्या चैत्यभूमीच्या रजेवर आधीच वर्तुळ होते.

पीएफ मी काढला नाही, नव्या ठिकाणी वर्ग केला. दहा वर्षांच्या वर नोकरी झाली असेल तर १९९५ च्या योजनेतले निवृत्तिवेतन अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू होते, ते थोडे असले तरी आपले असते. नोकरी सुटली की पीएफ काढून लग्नात घालणारे आपल्याकडे पुष्कळ. त्यांना मी रागावत नाही, पण आधी दहा वर्षे मोजा असे सांगतो.

मग कागदात काय लिहायचे यावर मी अडलो. माझ्या मनात चार पानी राजीनामा तयार होता. 'तू' पासून वजनकाट्यापर्यंत सगळे. व्हाउचरांचे प्रकरण तर ठळक. रात्री अंथरुणावर मी तो मनात वाचायचो आणि धाकटे शेठ तो वाचून पांढरे पडतात असे चित्र बघायचो. आमच्या विहारात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, युनियनचे जुने कार्यकर्ते. त्यांना कच्चा मसुदा दाखवला. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला आणि म्हणाले, "मजकूर खरा आहे. पण हे दोन कागद आहेत, तू एकात बांधलेत. राजीनामा वेगळा कर, तक्रार वेगळी कर. तक्रार असलेला राजीनामा मालक दाबून ठेवतो, आणि राजीनाम्यातली तक्रार सरकार वाचत नाही."

मी वाद घातला. म्हटले, बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडताना कारणे दिलीच की. काका हसले. म्हणाले, नीट बघ. २७ सप्टेंबर १९५१ चे पंतप्रधानांना दिलेले पत्र थोडक्यात आहे. हातातली विधेयके पुरी करण्यापुरते ते थांबले. सगळी कारणे, हिंदू कोड बिलाचे काय झाले, अनुसूचित जातींकडे कसे दुर्लक्ष झाले, ही वेगळ्या निवेदनात लिहिली. संसदेत ते वाचण्याआधी प्रत मागितली गेली तेव्हा ते सभागृह सोडून बाहेर आले आणि निवेदन वर्तमानपत्रांना दिले. दोन कागद होते, म्हणून तर एक अडवला तरी काम अडले नाही.

काकांचे हे म्हणणे मला पटले. चार पानांची पाच ओळी झाली. अमुक तारखेपासून मी लिपिक म्हणून काम करीत आहे, नेमणूक पत्राच्या अटीनुसार एक महिन्याची सूचना देऊन राजीनामा देत आहे, अखेरचा दिवस १४ डिसेंबर २०२४ राहील, पगार, शिल्लक रजा, बोनस व ग्रॅच्युइटीचा हिशेब करून द्यावा, अनुभवाचा दाखला द्यावा. 'वैयक्तिक कारणास्तव' हे शब्द सगळेच घालतात, मी घातले नाहीत. कारण वैयक्तिक नव्हते. कारण लिहिणे सक्तीचे नाही, तर खोटे कशाला लिहायचे? आणि "आपण दिलेल्या संधीबद्दल आभारी आहे" हेही लिहिले नाही. संधी जुन्या शेठनी दिली होती, त्यांच्या घरी जाऊन मी स्वतः त्यांना भेटून आलो.

एक गोष्ट मात्र राहिली होती आणि ती कॅलेंडरच्या पाठीवर मांडता येत नव्हती. हमालांमध्ये परभणीकडचे एक म्हातारे मामा होते. माझे टेबल दाराशी आल्यापासून जेवणाच्या सुट्टीत ते आणि आणखी चार-पाच जण माझ्याजवळ येऊन बसत. व्हाउचरावर काय लिहिले आहे ते मी त्यांना वाचून दाखवी. मी जाणार हे त्यांना कुणाकडून तरी कळले. मामा म्हणाले, "भाऊ, तुम्ही जाल. मग आमची चिठ्ठी वाचणार कोण?"

त्या रात्री मी पत्नीला म्हटले, नको, राहू दे, मी राहतो. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "राहून वाचून दाखवणार, आणि ते अंगठा देतच राहणार. किती वर्षं?" तिचे बरोबर होते, तरी मला ते लागले. माणूस सोडून जातो तेव्हा मागे राहिलेल्यांचे काय, याचे उत्तर मला आजही पुरते मिळालेले नाही. पण एक महिना सूचनेचा होता. तो मी सुट्टीसारखा घालवायचा नाही असे ठरवले.

कागद मी दोन प्रतींत नेला. धाकट्या शेठनी वाचला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि "ठीक आहे, उद्यापासून नाही आलास तरी चालेल" म्हणाले. हे होणार याची कल्पना होती. "मी चौदा डिसेंबरपर्यंत येणार. नको असेल तर तसे लेखी द्या आणि महिन्याचा पगार द्या," असे मी सांगितले आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. पोच देईनात. मग पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने तोच कागद पाठवला, ऑफिसच्या ई-मेलवरही मुलीकडून पाठवून घेतला. पावती पाकिटात ठेवली. आश्चर्य असे की त्या रविवारी माझ्या पोटात गोळा आला नाही.

त्या महिन्यात मी ट्रकचे नंबर उतरवले आणि जेवणाच्या सुट्टीत पाच-सहा हमालांना आकडे शिकवले. अक्षरे नाहीत, फक्त आकडे, आणि स्वतःचे नाव. मामांना पाच आणि सहा यांत फरक करायला चार दिवस लागले. त्यांचा नातू नववीत आहे, तो मोबाइलवर त्यांना सराव करून देई. १९६९ च्या कायद्याने झालेल्या माथाडी मंडळाची माहितीही मी त्यांना दिली. मंडळात नोंद झाली की मजुरी मालकाच्या हातातून नाही, मंडळामार्फत मिळते, फंड आणि ग्रॅच्युइटीही तिथे जमा होते. अण्णासाहेब पाटील हे नाव त्यातल्या दोघांनी ऐकलेले होते, पण ते सगळे बाजार समितीच्या मोठ्या हमालांसाठी असते अशी त्यांची समजूत. दुसरा कागद, तक्रारीचा, तो मी एकट्याच्या नावाने केला नाही. तो त्यांचा होता. फेब्रुवारीत चौदा जणांनी सह्या करून अर्ज मंडळाकडे दिला, मी फक्त लिहून दिला.

माझा हिशेब जानेवारीत यायला हवा होता, कारण ग्रॅच्युइटी तीस दिवसांत द्यायची असते. आला मार्चमध्ये, दोन पत्रे पाठवल्यावर. आणि आला तो सोळा वर्षांचा! तिसऱ्या पत्रासोबत मी नेमणूक पत्राची आणि स्पीड पोस्टाच्या पावतीची झेरॉक्स जोडली आणि सतरा वर्षांचा हिशेब आकड्यांत मांडून दिला. उरलेले १०,५०० एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात खात्यात जमा झाले. पत्नीने त्यातून आईला लुगडे घेतले आणि बाकीचे पतपेढीत भरले. आईने तो हिशेबाचा कागद मागून घेतला. तिला वाचता येत नाही. तिने तो वडिलांच्या तिकिटाशेजारी पेटीत ठेवला.

नवीन ठिकाणी पगार कमीच आहे, आणि मार्च-एप्रिलमध्ये रात्री दहा वाजतात. तरी मला तिथे सगळे 'तुम्ही' म्हणतात.

मामांचा मधूनमधून फोन येतो. मंडळाचा माणूस दोनदा येऊन पाहून गेला, चौकशी चालू आहे म्हणतात. सगळ्यांची नोंद अजून झालेली नाही, काही जणांना मालकाने दुसऱ्या गोदामात पाठवले. पण उरलेल्यांपैकी कुणी आता अंगठा देत नाही. सही करतात, आणि सहीच्या आधी बोट ठेवून एकेक आकडा मोठ्याने वाचतात, त्यामुळे शनिवारी मजुरी वाटायला दीड तास लागतो आणि हिशेबनीस फार चिडतो, असे मामा परवा सांगत होते.